मुंबईच्या भंगारातून वस्तू करणाऱ्यांनो, माल कुठून आणि कसा घेता?

गिरणीची लेक

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस विचारायचं मनात होतं. भंगारातल्या वस्तूंपासून दिवे, घड्याळं, खुंट्या करायचा नाद मला दोन वर्षांपूर्वी लागला. सुरुवात झाली बाबांच्या धोट्यापासून, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो त्या लाकडी नावेपासून. बाबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते. त्यानंतर बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. गिरणीची म्हणून घरात एकच वस्तू राहिली, हा धोटा. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, मधल्या पोकळीत कांडी (आडव्या सुताची बारीक नळी) बसवायची जागा आणि कडेला चिनी मातीचं मुगाएवढं भोक, ज्यातून सूत बाहेर यायचं. ते भोक अजून इतकं गुळगुळीत आहे की बोट फिरवलं तर कुठे अडत नाही.

आई गेल्यावर तो माळ्यावरून काढला, पुसला, आणि एका फळीवर बसवून भिंतीला लावला. मग वाटलं, शेजारी लाकडी बॉबिनचा दिवा हवा. तिथून हे सगळं वाढत गेलं.

अडचण मालाची आहे. ऑनलाइन एकेका बॉबिनला जो भाव सांगतात त्यात माझा अख्खा दिवा होतो. चोरबाजारात गेले ती नेमकी शुक्रवारी दुपारी. तिथल्या मटन स्ट्रीटची जुन्या वस्तूंची दुकानं त्या दिवशी बंद असतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. पहाटे रस्त्यावर जो बाजार भरतो तोही उठून गेला होता. दुसऱ्या खेपेला एका दुकानातून दिव्यासाठी पितळी बैठक घेतली, चांगली जड. घरी आणून घासली तर पिवळा थर निघाला आणि खाली लोखंड.

तेव्हा जाणत्यांनी सांगा: मुंबईत कुठे जायचं, काय बघायचं, भाव कसा करायचा, आणि कशाला हात लावायचा नाही? मला सध्या बॉबिन, पितळेचे गोल भाग, मोठे दातेरी गिअर आणि जुनं सागवान हवंय.

नवशिका डोंबिवली

छान धागा ताई. मलाही हेच विचारायचं होतं. वाचनखूण साठवली.

माझगावकर फिटर

ताई, तुमचा धोटा वाचून बरं वाटलं. मी गोदीत फिटर होतो, आता निवृत्त. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून घरच्या गॅलरीत कामं चालू असतात.

पहिली गोष्ट, खिशात लोहचुंबक ठेवा. फ्रिजच्या दारावरचा चालत नाही, जुन्या स्पीकरमधला काढलेला घ्या. पितळ, तांबं, गनमेटल (तांबं-कथलाचा मिश्रधातू) याला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. चिकटला नाही म्हणून लगेच पितळ समजू नका, जस्ताच्या ओतीव वस्तूवरही पिवळा मुलामा देतात. त्यासाठी बारीक कानस. वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या जागी एक ओरखडा मारा. आतही पिवळंच दिसलं तर पितळ, लालसर झाक असेल तर गनमेटल, पांढरट दिसलं तर ठेवून द्या. दुकानदाराला आधी विचारा, "मागून जरा घासून बघू का?" खरा माल असला तर तो नाही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक वस्तू हातात घेतली की विचारा, हे आधी काय होतं? हा प्रश्न मी माझ्या उस्तादाकडून शिकलो. वस्तू कशाची होती, कुठे बसायची, तिच्यातून काय वाहायचं, हे कळलं की धातू कळतो, वजन कळतं, आणि घरात आणायची की नाही तेही कळतं. वाफेच्या पाइपाचा व्हॉल्व्ह वेगळा आणि आम्लाच्या पाइपाचा वेगळा. दिसायला दोन्ही सुंदर.

जहाजाचा माल हवा असेल तर दारूखाना, म्हणजे जुन्या जहाजांच्या भंगाराचा भाग. हार्बर लोकलने रे रोडला उतरायचं आणि पूर्वेला बंदराच्या बाजूला चालत जायचं. मोठी जहाजं आता बहुतेक गुजरातेत अलंगला तुटतात, तिथे ते काम १९८३ पासून चालतं. तरी दारूखान्यात साखळदंड, शॅकल (साखळी जोडायच्या कड्या), कप्प्या, व्हॉल्व्हची चाकं, शिड्या, दोरखंड, फळ्या असा माल दिसतो. मला स्वतःला कप्प्या फार आवडतात. जुन्या लाकडी कप्पीचं चाक फिरवून बघा. आतलं बुशिंग (आसाभोवतीची नळी) पितळी असेल तर चाळीस वर्षं पडून राहिलेली कप्पीसुद्धा दोन थेंब तेलावर फिरते. अशा एका कप्पीवर मी स्वयंपाकघरातला दिवा खाली-वर होईल असा टांगलाय. नात रोज संध्याकाळी तो खाली ओढते.

आता इशारा. "जहाजाचं होकायंत्र, १८९०" असं कोरलेलं काही दिसलं तर स्क्रू बघा. फुलीच्या खाचेचे स्क्रू बाजारात आले ते १९३० नंतरच्या दशकात. १८९० च्या यंत्रात ते असूच शकत नाहीत. असा माल मुरादाबाद, रुरकीकडे नवा बनतो आणि आम्ल लावून काळा केला जातो. नवा म्हणून नव्याच्या भावाने विकला तर काही वाईट नाही, काम नीटस असतं. पण जुन्याचा भाव देऊ नका. जुन्या वस्तूवर झीज हात लागतो तिथेच असते, नकलीवर ती सगळीकडे सारखी दिसते.

आणि पांढरट, लोकरीसारखी दोरी किंवा पाइपावर गुंडाळलेला राखाडी लेप दिसला तर हात लावू नका. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, आणि आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. आमच्या पिढीने ते उघड्या हातांनी काढलंय. बरोबरच्या माणसांचं शेवटी काय झालं ते डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगतो.

गिरणीची लेक

काका, कप्पीचा दिवा डोळ्यांसमोर आला. फोटो टाकाल का? आणि "हे आधी काय होतं" हे वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

कुर्ला काटा

आमचा तीन पिढ्यांचा भंगाराचा धंदा. आजोबा साताऱ्याहून आले तेव्हा हातगाडी होती, आता कुर्ल्यात गाळा आहे. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही आमच्याकडे कसं यावं हे काट्याच्या पलीकडून सांगतो.

सकाळी दहाच्या आत येऊ नका, तेव्हा फेरीवाल्यांचा माल उतरतो आणि काट्यावर गर्दी असते. संध्याकाळी टेम्पो भरत असतो, तेव्हाही कोणाला बोलायला फुरसत नसते. अकरा ते एक ही वेळ चांगली. आल्याबरोबर ढिगात हात घालू नका. "घरी वस्तू बनवतो, थोडा छाँटून (निवडून) घेऊ का?" एवढं विचारा. कुर्ल्यात हिंदीतच बोलणं होतं, "सेठ, थोडा छाँट के लेगा" म्हटलं की माणूस समजतो.

भावाचं असं आहे. आम्ही माल जातवार वेगळा करून ठोकात पुढे देतो. लोखंड, बीड (ओतीव लोखंड), पितळेची मोड, तांबं, अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस, प्रत्येकाचा भाव वेगळा आणि तो रोज हलतो. तुम्ही ढिगातून चांगले चार नग उचलता तेव्हा उरलेल्या ढिगाचं रूप जातं आणि माणसाचा अर्धा तास जातो, म्हणून छाँटीचा भाव ठोकापेक्षा जास्त असणारच. त्यावर घासाघीस करा, पण दुकानदार लुटतोय असं मनात आणू नका. आधी त्या दिवशीचा मोडीचा भाव विचारून घ्या, म्हणजे वरचा किती ते तुमचं तुम्हाला कळेल. वस्तू वस्तू म्हणून विकली जात असेल तर नगावर भाव लागतो, तुकडा असेल तर किलोवर. गिअर हवे असतील तर किलोवर मागा.

ताईंना गिअर हवेत. कुर्ल्यात सीएसटी रोडला मोटारगाड्यांचे सुटे भाग आहेत, तिथे टायमिंग गिअर, क्लचप्लेट, साखळ्या, बेअरिंगच्या रिंगा मिळतील. मोठे आणि जुन्या वळणाचे हवेत तर साकीनाका, खैरानी रोडकडच्या गाळ्यांमध्ये विचारा, तिथे मशिनं मोडीत येतात. नवे पण पडून राहिलेले सुटे भाग, पट्टे, पुली हवे असतील तर नागदेवी स्ट्रीट. तो भंगाराचा बाजार नाही, पण जुन्या दुकानांच्या मागच्या खोलीत न विकलेला माल असतो.

एक आतली गोष्ट. पत्र्यातून वॉशर किंवा चकत्या कापून झाल्यावर जी भोकांची पट्टी उरते, तिला आम्ही पंचिंग म्हणतो. कारखान्याला ती कचरा, आम्हाला वजन, आणि तुम्हाला तयार जाळी. मागून दिवा लावला की भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी पडते. कडा मात्र ब्लेडसारख्या असतात. हातमोज्यांशिवाय उचलू नका.

नवशिका डोंबिवली

दादा, कोणता माल घ्यायचा नाही तेही सांगा ना. रुळाच्या तुकड्याचा ऐरण करतात असं बघितलंय, मला तो हवा होता.

कुर्ला काटा

तो घेऊ नका. रूळ, फिशप्लेट (दोन रूळ जोडायची पट्टी), रुळाच्या क्लिपा, रेल्वेचा शिक्का असलेलं काहीही. रेल्वे आपलं भंगार लिलावाने विकते आणि त्याचे कागद असतात. कागद नसलेला तुकडा तुमच्या घरात सापडला तर रेल्वे मालमत्ता (बेकायदा कब्जा) कायदा, १९६६ लागतो, आणि माल कुठून आणला हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. तसंच गटाराची झाकणं, नळाचे मीटर, रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब, जाळून काढलेली तांब्याची तार. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हाच, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७. चांगला दुकानदार असला माल ठेवतच नाही, कारण पोलीस पहिल्यांदा आमच्या दारात येतात. झाकण चोरीला गेलं की पावसात तिथे माणूस पडतो, हे आपण मुंबईकरांनी बघितलंय.

ऐरणीसाठी जाड पोलादी ठोकळा घ्या. मोडलेल्या प्रेसमधले ठोकळे मिळतात, आणि ते चांगलं काम देतात.

सागवानी

लाकडाचं मी सांगतो, माझा तोच विषय.

जुन्या चाळी आणि इमारती पाडतात तेव्हा तुळया, चौकटी, कठडे, जिन्याच्या पायऱ्या निघतात. त्यातलं बरंचसं लाकूड ब्रह्मदेशातून आलेलं सागवान. आज असं लाकूड नव्याने विकत घ्यायचं म्हटलं तर परवडणार नाही, आणि मिळालं तरी इतक्या बारीक रेषांचं मिळणार नाही. रे रोडच्या लाकूडबाजारात जुन्या मालाचे व्यापारी आहेत. जोगेश्वरी-ओशिवऱ्याला जुनं फर्निचर, दारं, खिडक्या मिळतात, पण तिथे घासूनपुसून, भाव चढवून. मी शक्यतो पाडकामाच्या कंत्राटदाराकडूनच घेतो.

ओळखायचं कसं? वरून सगळं काळं किंवा रंगाचे थर चढलेलं असतं. टोकाकडचा आडवा छेद बघा, तिथे थोडं घासलं की तेलकट सोनेरी रंग आणि सागाचा तो वास येतो. चामड्यासारखा वास, एकदा नाकात बसला की विसरत नाही. नखाने दाबून बघा, भुसभुशीत लागलं तर वाळवी. भोकांतून पीठ पडत असेल तर भुंगा अजून आत आहे.

आणि खिळे! जुन्या तुळईत हातोड्याने घडवलेले चौकोनी खिळे आत मोडून बसलेले असतात. करवत लावण्याआधी चुंबक फिरवा. माझ्या रंद्याचं पातं अशाच एका खिळ्यावर तुटलं आणि तुकडा कानाजवळून गेला. तेव्हापासून चष्मा घातल्याशिवाय मी जुन्या लाकडाला हत्यार लावत नाही.

स्वस्तात हवं असेल तर पॅलेटचं, म्हणजे गोदामात माल ज्यावर रचतात त्या लाकडी चौकटींचं, पाइनवूड. तुर्भे, रबाळे, महापे, भिवंडी या पट्ट्यात गोदामांबाहेर मिळतात. पॅलेटवर भाजून उठवलेला शिक्का असतो, गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घरात आणू नका. आणि ज्यावर तेलाचे किंवा रंगीत डाग आहेत ते शिक्का कुठलाही असला तरी सोडा. त्यावर काय सांडलं होतं ते कोणीच सांगू शकत नाही.

रसायनवाली

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. वर काका म्हणाले तो "हे आधी काय होतं" हा प्रश्न मी मुलांनाही विचारायला शिकवणार आहे. काही गोष्टी जोडते, कारण या छंदात अपघात होतात ते बहुतेक घासताना, कापताना आणि तापवताना.

जुना रंग: दारं-खिडक्यांवरचे जुने थर शिशाचे असू शकतात. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि ती लागू झाली नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाबद्दल खात्री नाही. कोरडा काचपेपर मारू नका. ओला करून घासा, चिखल कागदावर गोळा करा, लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको.

ड्रम: कापून शेगडी किंवा खुर्ची करतात. बंद ड्रमला ग्राइंडर लावू नका, कधीच नाही. रिकामा दिसणाऱ्या ड्रममध्ये पेट घेणारी वाफ असते, आणि ठिणगी पडली की त्याचा बाँब होतो. मानखुर्दच्या मंडाळा भागात ड्रम आणि तेलाच्या गोदामांना लागलेल्या आगी आपण बातम्यांत बघतोच. ड्रम हवाच असेल तर खाद्यतेलाचा, आधीच कापलेला घ्या.

जस्ताचा पत्रा: गॅल्व्हनाइज्ड वस्तूला वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. तो ओढला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डरकडे देताना आधी जस्त घासून काढायला सांगा, आणि काम उघड्यावर.

गंज काढायला जहाल आम्ल नको, लिंबूसत्त्व पुरे. लिटरभर कोमट पाण्यात साधारण शंभर ग्रॅम. लोखंडी वस्तू त्यात बुडवून ठेवा, तासातासाने बघा, मग ब्रश, पाणी, लगेच कोरडी, लगेच तेल. मुंबईच्या हवेत अर्धा तास उघडी राहिली तरी पुन्हा तांबूस होते. पितळ मात्र त्यात फार वेळ ठेवू नका. जस्त विरघळतं, तांबं वर राहतं आणि वस्तू गुलाबी दिसायला लागते. पितळेला आपली चिंच-मीठ किंवा पितांबरी, आणि हात चालवायचा.

लाकडाला अळशीचं तेल लावत असाल तर त्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

खिळेजुळारी

आमचा गिरगावात छापखाना होता, ट्रेडल मशिनवर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं व्हायची. वडिलांनी तो बंद केला तेव्हा खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, किलोवर गेले. इंग्रजीच्या केसला (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीला) जितके खण लागतात त्याच्या कितीतरी पट देवनागरीला लागतात, काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, सगळं वेगळं. तो सगळा संसार एका दुपारी गोणीत भरला. मी दहावीत होतो.

आता दुकानात कुठे खिळे दिसले की थांबतो. या शहरात जावजी दादाजी चौधरींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना जे वळण दिलं त्याची कीर्ती देशभर होती. मोडीच्या भावात गेलेल्या खिळ्यांमध्ये असं काय काय गेलं असेल याचा विचार करवत नाही. म्हणून माझी विनंती आहे, पूर्ण केस मिळाली तर ती फोडून दागिने करू नका. एखाद्या संग्रहाला किंवा अजून खिळ्यांवर छापणाऱ्याला द्या. सुटे, झिजलेले खिळे वस्तूंसाठी घ्या.

घेताना: खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण. त्यावर पांढरी पूड दिसली तर तो शिशाचा क्षार आहे, विषारी. असे खिळे घेऊ नका. चांगल्या खिळ्यांनाही हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, गळ्यात किंवा कानात घालायचे नाहीत, आणि वितळवायचे तर मुळीच नाहीत. मी चौकटीत काचेमागे बसवतो.

त्यापेक्षा सुरक्षित आणि माझ्या मते जास्त देखणे म्हणजे ब्लॉक. लाकडी ठोकळ्यावर साध्या खिळ्यांनी ठोकलेला जस्ताचा पत्रा आणि त्यावर उलटं चित्र. गणपती, कलश, सनई-चौघडा, "आमच्या येथे श्रीकृपेकरून". चोरबाजारात टोपलीत पडलेले असतात. एका ब्लॉकवर उलटं "चि. सौ. कां." आहे, आणि खाली नावाची जागा कोरी. तो मी काही करून विकणार नाही.

सागवानी

"चि. सौ. कां." वाचून थांबलो. आमच्या आई-बाबांची पत्रिका तुमच्याच गल्लीत छापलेली असेल.

परळकर

धागा चांगला आहे, पण मला एक बोलायचंय आणि ते मनापासून बोलतोय. माझे वडीलही गिरणीत होते. आज त्याच आवारातल्या हॉटेलात बॉबिनची झुंबरं टांगलेली दिसतात आणि पोटात कालवतं. आमच्या घरात संपानंतर सहा महिने फक्त भात आणि डाळीचं पाणी होतं. त्या वस्तू शोभेच्या करू नयेत असं मला वाटतं. त्यांची जागा संग्रहालयात आहे.

गिरणीची लेक

परळकर दादा, तुमचं म्हणणं लागलं, आणि ते बरोबर जागी लागलं. हॉटेलातली झुंबरं बघून मलाही तसंच वाटतं, कारण खाली बसलेल्या माणसाला ती काय आहेत हे कोणी सांगत नाही. माझ्या बॉबिनवर रंगाचे पट्टे आहेत, हिरवा आणि तांबडा. कोणत्या नंबरचं (जाडीचं) सूत ते त्या पट्ट्यावरून ओळखायचे, हे बाबांनी सांगितलं होतं. मी दिवा केला तेव्हा तो रंग घासला नाही. बुंध्याची धातूची कडी घासली नाही. घरी येणारी मुलं विचारतात, मी धोट्यात बॉबिन बसत नाही, कांडी बसते, इथपासून सांगते. संग्रहालयात जावं तेवढं जावंच. पण जे गोणीत भरून जळणात चाललंय ते मी उचललं तर बाबांना वाईट वाटणार नाही असं मला वाटतं.

परळकर

जळणात जाण्यापेक्षा तुमच्या घरात असलेलं बरं, हे मान्य. रंग ठेवलात ते फार चांगलं केलंत. बॉबिन आणि कांड्या हव्या असतील तर भिवंडीला यंत्रमागाच्या सामानाचे जुने दुकानदार आहेत, तिकडे विचारा. आता तिथेही प्लॅस्टिकच जास्त, पण लाकडी निघतात. गोणीने देतात, सुट्या देत नाहीत. जाणार असाल तर मीही येईन.

नवशिका डोंबिवली

एक साधा प्रश्न. हे सगळं वजन घरी न्यायचं कसं? हार्बरने येऊन पुन्हा कुर्ल्याला बदलून डोंबिवली, हातात पंधरा किलो लोखंड.

माझगावकर फिटर

रविवारी निघू नका, मेगाब्लॉकमध्ये हार्बर अडकते. आठवड्यात दुपारी बारा ते तीन गाड्या मोकळ्या. गोणपाटात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा, टोकं बाहेर राहू देऊ नका, आणि मालडब्यात चढा, तिथली माणसं हात देतात. त्यापेक्षा जास्त असेल तर तीनचाकी टेम्पो, दोघा-तिघांनी मिळून.

नवशिका, आणखी एक. पहिल्याच खेपेला ओझं आणू नका. एक वस्तू आणा, ती पूर्ण करा, मग दुसरी.

गिरणीची लेक

मंडळी, काल जाऊन आले. परळकर दादा आणि मी भिवंडी, मग आज एकटी साकीनाका.

भिवंडीत एका गोदामाच्या माळ्यावर तीन गोण्या लाकडी बॉबिन आणि कांड्या निघाल्या. दुकानदार म्हणाले, उद्या आला असतात तर बेकरीच्या भट्टीत गेल्या असत्या. दादांनी आणि मी मिळून एक गोणी घेतली, जमिनीवर ओतून निवडली. निम्म्यांना तडे, काहींना तेल प्यायलेलं, पण साठ-सत्तर धड. एका कांडीवर अजून सूत गुंडाळलेलं होतं, पिवळं पडलेलं. दादांनी ते उलगडायला घेतलं आणि मध्येच थांबून तसंच ठेवून दिलं. ती कांडी त्यांनी नेली.

साकीनाक्याला "छाँट के लेगा" म्हटलं आणि खरंच स्टूल दिलं बसायला. मोडलेल्या लेथचे दोन गिअर मिळाले, बीडाचे. दुकानातल्या काकांनी आपणहून सांगितलं, याला साधं वेल्डिंग करू नका, बीड तडकतं, बोल्टने बसवा. हा धडा मला घरी महागात पडला असता. चुंबक आणि कानस दोन्ही चालवलं, एक "पितळी" चाक ठेवून दिलं, एक खरं निघालं. मोठा गिअर घड्याळाला. दाते मोजले, बरोबर साठ! मिनिटाचे साठ दाते. विकत घेताना मोजले नव्हते, घरी आल्यावर मोजले.

कुर्ला काटा दादा, दिव्याच्या वायरिंगचं विचारायचं राहिलं होतं. गिअरची बैठक धातूची आहे.

कुर्ला काटा

धातूची बैठक असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंगची हिरवी तार बैठकीला स्क्रूने पक्की, विसरायचं नाही. होल्डर आणि वायर नवी, आयएसआयची. भंगारातली वायर भंगारातच राहू दे. लाकूड जवळ आहे तर बल्ब एलईडी. आणि वायर जिथे धातूच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) बसवा, नाहीतर कडेला घासून वर्षभरात कापली जाते.

साठ दात्यांचं वाचून मजा आली. फोटो टाका.

गिरणीची लेक

ग्रोमेट उद्या आणते. फोटो घड्याळ चालू झालं की. काका, कप्पीच्या दिव्याचा फोटो अजून आला नाही!

माझगावकर फिटर

नात आली की काढायला सांगतो. तिच्या हातात दोरी हवी.